लिंफोसाइट २८ टक्के

ताईच्या पहिल्या रिपोर्टची प्रत माझ्याकडे अजून आहे. तारीख २९ ऑगस्ट २०१९. हिमोग्लोबिन १०.४. पांढऱ्या पेशी ७,२००. न्यूट्रोफिल ६४, लिंफोसाइट २८, इओसिनोफिल ५, मोनोसाइट ३, बेसोफिल ०. आणि सगळ्यात खाली, प्लेटलेट्स ९,०००. त्या आकड्याभोवती मी लाल पेनाने गोल ओढला होता, इतका दाबून की कागद मागून उठून आलाय.

गेल्या ऑक्टोबरात नोबेलची बातमी वाचली आणि तो कागद पुन्हा बाहेर काढला. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझी नजर त्या गोलावर न अडकता वर सरकली. लिंफोसाइट २८. पांढऱ्या पेशींचीच ही एक जात. तो आकडा मीच मोजला होता. मोजला, लिहिला आणि विसरून गेलो. ताईच्या आजाराचं मूळ त्या अठ्ठावीसमध्ये होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा, करून लागलो त्याला २२ वर्षं झाली. रक्त घेणं, स्मिअर ओढणं, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरणं, तो लिशमन रंगाने रंगवणं, मशीनला शंका आलेला नमुना डोळ्यांनी बघणं, हे माझं रोजचं काम. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, जत-कवठेमहांकाळकडून माणसं येतात आणि दुपारपर्यंत आमच्या रॅकमध्ये जांभळ्या टोपणांची रांग लागते. इतक्या वर्षांत किती जणांच्या प्लेटलेट्स पाहिल्या याचा हिशेब नाही. ताईचे आकडे मात्र एकूण एक तोंडपाठ आहेत.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. ताईचं घर गावभागात, तळमजल्याला. ती ब्लाउज शिवते. शिलाई मशीन, गिऱ्हाइकांची कापडं, मापांची वही, सगळं पाण्याखाली गेलं. ती, दाजी आणि भाची माझ्याकडे मिरजेला आले. पाणी ओसरल्यावर ती रोज सकाळी जाऊन घरातला चिखल काढायची. एका संध्याकाळी परत आली आणि मोरीत पाय धुताना म्हणाली, "अरे, हे बघ रे जरा. डास चावलेत का काय?"

दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके. डास चावला की ती जागा थोडी उचललेली असते, खाजते, आणि दाबलं की लाली क्षणभर जाते. हे ठिपके सपाट होते. बोटाने दाबले, फिके झाले नाहीत. मनगटावर काचेच्या बांगड्या घासतात तिथे निळसर कडं उमटलं होतं. तोंड उघडायला लावलं, तर गालाच्या आत काळसर रक्ताचा फोड. त्याच आठवड्यात अंगदुखीसाठी तिने एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेतलं होतं. तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग होता, तो तिने कुणाला दाखवलाच नव्हता.

रात्री साडेनऊला मी लॅब उघडली.

मशीनने ९,००० दाखवलं. माझा पहिला विचार एवढाच होता की हे खोटं निघू दे. खोटं निघू शकतंही. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये काही माणसांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, मशीन ते गठ्ठे मोजत नाही आणि आकडा उगाच खाली येतो. म्हणून निळ्या टोपणाच्या सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतलं. स्मिअर ओढला, रंगवला, वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. ऑइल इमर्शनखाली निरोगी माणसाच्या एका फील्डमध्ये दहा-वीस प्लेटलेट्स सहज दिसतात. मी फील्डमागून फील्ड सरकवत गेलो, सगळी रिकामी. स्मिअरच्या शेपटाकडे गठ्ठे शोधले, ते नव्हते. पाच-सहा फील्डनंतर एखादी प्लेटलेट दिसायची, तीही मोठी, जवळजवळ तांबड्या पेशीएवढी. अस्थिमज्जा घाईघाईने माल बाहेर पाठवायला लागली की प्लेटलेट्स अशा मोठ्या दिसतात. बाकी सगळं स्वच्छ होतं. तांबड्या पेशींचे तुकडे नव्हते, ब्लास्ट नव्हते. त्या रात्री मी ब्लास्ट शोधत होतो, म्हणजे रक्ताचा कॅन्सर शोधत होतो, हे ताईला मी आजवर सांगितलेलं नाही. मग शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. त्यातल्या अठ्ठावीस लिंफोसाइट.

पूर, चिखल आणि ऑगस्ट म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी डेंगी. एनएस१ निगेटिव्ह आली, आयजीएम निगेटिव्ह आली. घाण पाण्यात उभी राहिली होती म्हणून लेप्टोस्पायरोसिसची टेस्ट केली, तीही निगेटिव्ह. ताप तर तिला एकदाही आला नव्हता. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, किवी आले, कुणी बकरीचं दूध आणून दिलं. माणसं मायेने आणतात, त्यांना नाही म्हणवत नाही. पण हा आजार रसाने आटोक्यात येणारा नव्हता आणि आमचे चार दिवस त्यात गेले.

एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, थायरॉइड झालं, शरीर स्वतःवर उलटल्याचा माग काढणारी एएनए टेस्टही झाली. सगळं नीट. मग फिजिशियन सरांनी नाव सांगितलं, आयटीपी. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. आपल्याच प्रतिकारशक्तीने आपल्याच प्लेटलेट्स संपवायच्या. दीड ते साडेचार लाख हा निरोगी माणसाचा आकडा, आणि एक लाखाच्या खाली गेल्यावर, दुसरं कुठलंही कारण सापडलं नाही तर याला आयटीपी म्हणायचं, असं २००९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून ठरवलं. 'दुसरं काही सापडलं नाही तर' हेच या निदानाचं अवघड दुखणं आहे. बोट ठेवून 'हाच तो' म्हणावं अशी टेस्ट नाही.

आजार मात्र जुना. १७३५ साली हॅनोव्हरच्या पॉल वर्लहॉफ नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. तेव्हा प्लेटलेट्स कुणी पाहिल्याही नव्हत्या. १९१६ साली प्रागमध्ये पॉल काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना सुचवलं की अशा एका बाईची प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त गाळणारा अवयव, काढून बघा. काढली, आणि तिच्या प्लेटलेट्स भराभर वाढल्या. एका विद्यार्थ्याचं ऐकणारे ते प्राध्यापकही मला मोठे वाटतात.

आम्हाला कॉलेजात शिकवला होता तो हॅरिंग्टनचा प्रयोग. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या एका रुग्ण बाईचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जमिनीवर आल्या. त्याला झटका आला, अंगावर ठिपके उठले, आणि पुढचे काही दिवस तो तसाच मृत्यूच्या कडेला होता. आठवड्याभरात सावरला. त्यावरून कळलं की रुग्णाच्या रक्तात, म्हणजे पेशी सोडून उरणाऱ्या द्रवात, प्लाझ्मात, काहीतरी आहे जे प्लेटलेट्स मारतं. पुढे ते अँटीबॉडी असल्याचं सिद्ध झालं. प्लेटलेटच्या अंगावर जीपी२बी-३ए नावाचं एक प्रथिन असतं, रक्त गोठताना प्लेटलेट्स त्याच्याच आधाराने एकमेकींना धरतात. अँटीबॉडी त्याच्यावर जाऊन बसते, आणि अशी खूण झालेली प्लेटलेट प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी गिळून टाकतात. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते.

याच गोष्टीतली एक बारीकशी बाब मला तेव्हा कुणी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. हॅरिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांनी नंतर आणखी रुग्णांचा प्लाझ्मा आणखी माणसांना देऊन पाहिला. प्रत्येक वेळी प्लेटलेट्स उतरल्या नाहीत. काही वेळा काहीच झालं नाही. म्हणजे त्या रुग्णांचा आजार प्लाझ्मात नव्हता, दुसरीकडे कुठेतरी होता.

ताईला रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं. दहाव्या दिवशी प्लेटलेट्स १,१२,०००. घरात पेढे वाटले. डोस उतरवत नेला तसा आकडाही उतरला, दिवाळीत १४,००० वर आला. मग चार दिवसांचं डेक्सामेथासोन, तेही स्टिरॉइडच, आकडा वर गेला, पुन्हा खाली. पुन्हा डेक्सा. चेहरा सुजला, झोप गेली, साखर वाढली, भाचीवर विनाकारण ओरडायची आणि मग रडत बसायची. पाळीचे दिवस आले की मी रजा काढून ठेवायचो, कारण एकदा हिमोग्लोबिन ७ वर जाऊन रक्त चढवावं लागलं होतं. नाकाचा घोळणा फुटला तर अर्धा-अर्धा तास थांबायचा नाही. शिवणकाम तिने सोडलं नाही. अंगुस्तान न घालता सुई कधी हातात घ्यायची नाही, एवढं मात्र माझं ऐकलं. काचेच्या बांगड्या उतरवल्या, त्याचं तिला फार लागलं. सवाष्ण बाईचा हात मोकळा बघून बायका विचारायच्या.

याच काळात मी एक हट्ट केला. प्लेटलेट अँटीबॉडीची टेस्ट करू या, म्हणालो. फिजिशियन सर म्हणाले होते की गरज नाही, त्याने उपचार बदलत नाहीत. पण मी लॅबमधला माणूस. मला कागदावर पुरावा हवा होता. नमुना मुंबईला पाठवला, पैसे भरले, आणि बारा दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

त्या एका शब्दाने घरात जे झालं त्याचं ओझं अजून माझ्यावर आहे. दाजी म्हणाले, "मग आयटीपी नाहीच म्हणायचं. इतके महिने चुकीचं औषध घेतलं." ताईच्या सासरचं कुणी म्हणालं की मनाला लावून घेण्याचा स्वभाव, त्याचं हे होतं. ताई स्वतः काय म्हणाली? "पुराच्या पाण्यात मी उगाच गेले. मला सगळे नको म्हणत होते." आजाराला कारण सापडत नाही तेव्हा माणूस स्वतःलाच कारण करून टाकतो. मला उत्तर देता येईना. माझ्या डोक्यातलं आयटीपी म्हणजे अँटीबॉडी, आणि अँटीबॉडी तर नाही म्हणतायत.

फेब्रुवारी २०२०ला तिला पुण्याला रक्तविकारतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. प्लीहा काढायची का हे विचारायला गेलो होतो. अस्थिमज्जेची तपासणी झाली, त्याची स्लाइड मॅडमनी मला दाखवली. मेगाकॅरिओसाइट, म्हणजे ज्यांच्या तुकड्यांच्या प्लेटलेट्स होतात त्या मोठ्या पेशी, भरपूर होत्या. कारखाना चालू होता. मग मी तो निगेटिव्ह रिपोर्ट पुढे केला. मॅडमनी तो वाचलाही नाही नीट. म्हणाल्या, "जवळजवळ निम्म्या पेशंटमध्ये अँटीबॉडी सापडत नाही हो. तुम्ही लॅबमध्ये आहात ना? टी सेल्सबद्दल वाचा." आणि केसपेपरच्या पाठीमागे त्यांनी तीन गोल काढले.

त्या तीन गोलांवर मी लॉकडाऊनचे पुढचे कितीतरी महिने घालवले. रात्री फोनवर पेपर उघडायचो, एका पानाला एक रात्र लागायची. जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

लिंफोसाइट ही मायक्रोस्कोपखाली एकच पेशी दिसते. गोल, गर्द जांभळं केंद्रक, भोवती निळ्या रंगाची बारीक कड. पण त्यात अनेक जाती आहेत. बी पेशी अँटीबॉडी बनवतात. टी पेशी थायमसमध्ये, छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत, तयार होऊन येतात. रक्तातल्या दर दहा लिंफोसाइटपैकी साधारण सात टी असतात. लिशमनने रंगवलेल्या स्लाइडवर टी कुठली आणि बी कुठली हे जगातला कुणीही माणूस सांगू शकत नाही. त्यासाठी पेशींवरच्या खुणा लेझरने ओळखणारी फ्लो सायटोमेट्री लागते. आम्हा टेक्निशियन लोकांचा टी पेशींशी संबंध येतो तो एचआयव्हीत, सीडी४ काउंट म्हणून. तिथे त्या कमी पडतात हे दुखणं. आयटीपीत त्या वाट चुकतात.

पहिला गोल मदतनीस टी पेशींचा, सीडी४वाल्यांचा. बी पेशी स्वतःच्या मनाने अँटीबॉडी ओतत नाही, तिला मदतनीस पेशीचा होकार लागतो. म्हणजे अँटीबॉडी सापडली तरी तिच्यामागे कुणीतरी होकार दिलेला असतो. १९९१ साली टोरांटोत जॉन सेंपल आणि जॉन फ्रीडमन यांनी दाखवलं की आयटीपी रुग्णांच्या टी पेशी स्वतःच्याच प्लेटलेट्स दिसल्या की चेकाळतात. जपानमधल्या मासाताका कुवाना यांनी १९९८ साली त्याच्या पुढची गाठ सोडवली. या टी पेशी त्या जीपी२बी-३एच्या अख्ख्या प्रथिनाला ओळखतच नाहीत. त्याचे तुकडे करून दाखवले तरच ओळखतात. आता हे तुकडे करतं कोण? प्लीहेतली मॅक्रोफेज. ती प्लेटलेट गिळते, तिचे तुकडे करते, आणि ते आपल्या अंगावर मांडून टी पेशीला दाखवते. टी पेशी बी पेशीला उठवते, बी अँटीबॉडी सोडते, अँटीबॉडीमुळे मॅक्रोफेज आणखी प्लेटलेट्स गिळते. रहाटगाडग्यासारखं. म्हणजे प्लीहा फक्त प्लेटलेट्सचं मसण नाही, टी पेशींना चुकीचा धडा रोज गिरवायला लावणारी शाळाही तीच. काझ्नेल्सनच्या सल्ल्याने त्या बाईला का बरं वाटलं, याचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

दुसरा गोल मारक टी पेशींचा, सीडी८. २००३ साली स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एक पेपर छापला. आजार जोरात असलेल्या रुग्णांच्या सीडी८ पेशी त्यांनी प्लेटलेट्सबरोबर ठेवल्या, तर त्या पेशींनी प्लेटलेट्स थेट फोडल्या. अँटीबॉडीची मध्यस्थी नाही, काही नाही. विषाणू शिरलेल्या पेशीला मारायचं जे हत्यार, तेच आपल्या प्लेटलेटवर. नंतरच्या कामात असंही दिसलं की या सीडी८ पेशी अस्थिमज्जेतही जातात आणि मेगाकॅरिओसाइटच्या कामात अडथळा आणतात. मेगाकॅरिओसाइटला प्लेटलेट्स सोडताना ठरलेल्या रीतीने स्वतःला संपवावं लागतं, ती रीतच बिघडते. पेशी भरपूर दिसतात आणि माल बाहेर पडत नाही. ताईच्या मज्जेतली ती भरलेली स्लाइड मला आठवली. नुसत्या स्लाइडवरून तिच्यातही हेच झालं असं म्हणता येणार नाही, पण 'कारखाना चालू आहे' हे माझं वाक्य मी मागे घेतलं.

निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ मला त्या रात्री लागला. ती टेस्ट अँटीबॉडी शोधते. सीडी८ शोधत नाही, शोधूही शकत नाही. मी चुकीच्या खोलीत दिवा लावून 'इथे कुणी नाही' म्हणत होतो आणि माझ्या बहिणीला स्वतःवर शंका घ्यायला लावली.

तिसरा गोल मॅडमनी सगळ्यात लहान काढला होता. माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा ठरला. रेग्युलेटरी टी पेशी, टी-रेग. मी त्यांना आवर घालणाऱ्या पेशी म्हणतो. एखाद्याच्या टी पेशी स्वतःच्या प्लेटलेटवर का उलटतात, हा प्रश्न मी उलटा धरला होता. प्लेटलेट ओळखणाऱ्या अशा टी पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडल्या आहेत. माझ्यात असतील, तुमच्यात असतील. थायमस बहुतेक धोकादायक टी पेशी जन्मतःच गाळून टाकतो, पण चाळणीतून काही निसटतातच. त्यांना आयुष्यभर गप्प बसवून ठेवायचं काम टी-रेग करतात. सीडी४ पेशींमध्ये त्यांचं प्रमाण शंभराला पाच-दहा. आणि २००७-०८च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या लॅबना एकसारखंच दिसलं, की जुनाट आयटीपीत टी-रेग एकतर कमी असतात किंवा असूनही त्यांच्यात जोर नसतो.

हे मी ताईला फोनवर सांगितलं. एप्रिल २०२०, ती सांगलीत, मी मिरजेत, मध्ये नाकाबंदी. म्हणालो, "ताई, पुराच्या पाण्याने नाही झालं, तुझ्या स्वभावानेही नाही. ज्या पेशींनी बाकीच्यांना आवर घालायचा त्यांची ताकद कमी पडली. असल्या उलटणाऱ्या पेशी माझ्याही रक्तात असतील." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्यातल्या आवरल्यात म्हणजे." आणि पुन्हा शांत झाली. मी खिडकीशी उभा होतो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

उपचारांकडे बघायची माझी नजरही तेव्हापासून बदलली. स्टिरॉइड म्हणजे सगळ्यांनाच झोडपणं, असं मला वाटायचं. पण डेक्सामेथासोन दिल्यावर टी-रेगची संख्या वाढलेली लोकांनी मोजली आहे. रिटुक्सिमॅब हे औषध मारतं फक्त बी पेशींना, तरी ज्यांना त्याने गुण येतो त्यांच्या टी-रेगही सुधारतात, कारण बी आणि टीमधली ती ये-जा तुटते. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत स्टिरॉइडबरोबर सुरुवातीलाच मायकोफेनोलेट दिलं, जे टी आणि बी दोघींचीही वाढ रोखतं. उपचार फसण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांवरून २२वर आलं. २०२१ साली ते छापून आलं. थकवा मात्र त्या गटात जास्त होता, हेही त्यांनी लिहिलंय, आणि रोज सकाळी उठून ज्याला काम करायचं असतं त्याच्यासाठी ती छोटी गोष्ट नसते.

मॅडमनी ताईला प्लीहा काढायचं तूर्त थांबवायला सांगितलं आणि एल्ट्रोंबोपॅग सुरू केलं. ही गोळी मज्जेला 'प्लेटलेट्स बनव' असा निरोप देते. अमेरिकेत ती २००८ साली आली, आपल्याकडे आता भारतीय कंपन्यांच्याही मिळतात, तरी महिन्याचा खर्च ताईच्या शिलाईच्या कमाईला झेपणारा नव्हता. आम्ही भावंडांनी वाटून घेतला. पथ्य एक मोठं. दूध, दही, कॅल्शियमची गोळी यांच्या जवळपास ती घ्यायची नाही, नाहीतर पोटातच अडकते. घ्यायच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध बंद. दुधाच्या चहावर जगणारी बाई. तिने संध्याकाळचा चहा सहाला आणला, जेवण सातला, ताकाशिवाय, आणि गोळी रात्री अकराला. दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही.

तीन आठवड्यांत ५८,०००. मग ९०,०००. एकदा २,४०,००० झाल्या तेव्हा मीच घाबरलो.

आता खरं नवल. २०२२च्या उन्हाळ्यात मॅडमनी डोस हळूहळू कमी केला आणि ऑगस्टात गोळी बंद केली. माझ्या हिशेबाने निरोप थांबला की प्लेटलेट्सही थांबायला हव्यात. त्या थांबल्या नाहीत. ६०-८० हजारांच्या आसपास टिकून राहिल्या, आजपर्यंत. सगळ्यांचं असं होत नाही, पण काहीजणांचं होतं. त्यामागचं एक स्पष्टीकरण पुन्हा त्याच लहान गोलात आहे. २०१० साली अमेरिकेतल्या एका गटाने अशा औषधांवरच्या रुग्णांच्या टी-रेग तपासल्या, तर त्यांचं आवर घालायचं काम सुधारलं होतं. प्लेटलेट्सच्या पोटात टीजीएफ-बीटा नावाचा पदार्थ साठवलेला असतो आणि टी-रेगना तो लागतो. रुग्णांच्या रक्तात तो वाढलेला दिसला. प्लेटलेट्स कमी असतात तेव्हा तो कमी, म्हणून आवरणाऱ्या पेशी अशक्त, म्हणून प्लेटलेट्स आणखी कमी. आकडा बराच काळ वर ठेवला तर चाक उलटं फिरायला लागतं. ताईच्या बाबतीत हेच घडलं याचा कागद माझ्याकडे नाही. तिच्या टी-रेग कुणी कधी मोजल्या नाहीत. आयटीपीच्या रुग्णासाठी डॉक्टर ती तपासणी लिहीत नाहीत, ती संशोधनातच राहते. मला मनापासून वाटतं की हे बदलावं. कुणाला स्टिरॉइड, कुणाला रिटुक्सिमॅब, कुणाची प्लीहा, हे आज बरंचसं देऊन बघूनच ठरतं, आणि 'देऊन बघू'चे ते महिने माणूस कसे काढतो हे मी घरात पाहिलंय.

६ ऑक्टोबर २०२५ला दुपारी लॅबमध्ये कुणीतरी बातमी वाचून दाखवली. वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना. टी-रेगच्या शोधासाठी. साकागुचींनी १९९५ साली उंदरांमध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या, तेव्हा 'आवर घालणाऱ्या टी पेशी' ही कल्पनाच बहुतेकांनी टाकून दिली होती. ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी २००१ साली त्यामागचं जनुक शोधलं, फॉक्सपी३. ते जनुक बिघडलेली बाळं जन्मतात आणि त्यांचं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, कातडीवर, ग्रंथींवर उलटतं. माझ्या समोर टेबलावर तेव्हा कुणाचातरी स्मिअर होता, त्याचं डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींची जातवार मोजणी, अर्धं झालं होतं. मी मोजणी थांबवली. टॅली काउंटरवर लिंफोसाइटच्या बटणावर बोट होतं, ते तसंच राहिलं. सोबतचा पोरगा म्हणाला, "सर, काय झालं?" त्याला सांगायला तासभर लागला असता.

तेव्हापासून मी मुलांना शिकवताना एक करतो. आयटीपीची शंका असलेला स्मिअर आला की प्लेटलेट्स बघून झाल्यावर त्यांना एक लिंफोसाइट शोधायला लावतो आणि विचारतो, ही कोण आहे? ते म्हणतात, लिंफोसाइट. मी म्हणतो, त्यातली कुठली? मदत करणारी, मारणारी, की आवरणारी? ते पुन्हा डोळा लावून बघतात, फोकसचं बारीक बटण फिरवतात, काही दिसत नाही. मीही सांगू शकत नाही. फक्त रिपोर्टमध्ये लिंफोसाइटचा आकडा लिहिताना त्यांचा हात अर्धा सेकंद थांबावा असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना माझ्या अनुभवातलं थोडं. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. कमरेत इंजेक्शन द्यायच्या आधी आकडा सांगा. तोंडात रक्ताचे फोड आले, किंवा डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणून गोळी बंद करू नका. आणि रुग्णाला 'मनाला लावून घेतेस म्हणून होतं' हे वाक्य कधीही ऐकवू नका.

गेल्या सोमवारी ताई आली होती. तीन महिन्यांनी एकदा येते, शिवलेले कपडे द्यायला मिरजेत यायचंच असतं. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, चार-चार. शीर मीच धरतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरतो, आता दोन मिनिटांत थांबतं तरी. मशीनने ७४,००० दिले. स्मिअर ओढला, डोळ्यांनी बघितला. एका फील्डमध्ये चार-पाच, एखादी मोठी. शंभर पेशी मोजल्या.

तिने माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघितलं. पूर्वी ती थेट खालच्या ओळीवर जायची. आता वरून वाचते.

"लिंफोसाइट ३१," ती म्हणाली. "त्यातल्या आवरणाऱ्या किती?"

"ते मला इथून नाही कळत, ताई."

"बरं." तिने बांगड्या मनगटावरून थोड्या मागे सारल्या, खालची कातडी निरखून बघितली, आणि पर्समधून डबा काढला. "चहा सांग. दुधाचा."